कमरेपर्यंत पाहिलेला राजवाडा

अंबरनाथ, बदलापूर आणि उल्हासनगरचे पाचही कॅम्प जमेला धरून सांगतो, कोरियाच्या राजाच्या वाड्यात पाऊल ठेवलेला माणूस या सगळ्या मुलखात एकच होता, आणि तो म्हणजे मी! शरदचंद्र गुप्ते, कंपाउंडर. मुंबईला गव्हर्नरचा बंगला बाहेरून पाहिलेले आमच्या चाळीत पुष्कळ होते. बडोद्याच्या राजवाड्यात कुणाच्या तरी मामांची ओळख होती. पण कोरिया म्हटलं की सगळ्यांनी माझ्याकडेच बघायचं.

मी तिथे गेलो तो लष्कराच्या वैद्यकीय पथकाबरोबर. कोरियात लढाई पेटली होती आणि जखमींच्या शुश्रूषेसाठी आपल्याकडून डॉक्टर, परिचारक आणि औषधं असा सरंजाम गेला होता. त्यातल्या बाटल्यांच्या मागे मी होतो. लढाई मी पाहिली ती टिंक्चर आयोडिनच्या आडून. तिच्याबद्दल बोलावंसं मला आजही वाटत नाही. राजवाड्याबद्दल मात्र कधीही विचारा.

झालं असं, की हिवाळ्याच्या तोंडावर एका रविवारी आम्हाला सुट्टी मिळाली. सोल शहराकडे ट्रक निघाला होता. मी आणि आमच्यातला एक परिचारक, साताऱ्याकडचा धर्मराज, मागे चढून बसलो. शहराची पार दशा झालेली. भिंती अर्ध्या, घरं अर्धी, आणि त्यातून वाट काढत डोक्यावर बोचकी घेतलेली माणसं. ड्रायव्हरने एका मोठ्या दरवाजापाशी आम्हाला उतरवलं, हा इथल्या राजाचा जुना वाडा, असं सांगितलं आणि तो निघून गेला.

आम्ही आत शिरलो आणि धुक्याने आम्हाला गिळलं. आमच्या बदलापूरच्या बाजूला थंडीत नदीवर धुकं धरतं, पण ते पातळ ताक. हे कवडीसारखं दही होतं! त्यात आणखी गंमत अशी, की ते जमिनीला टेकलेलं नव्हतं. कमरेच्या जरा वर सुरू होत होतं आणि तिथून थेट स्वर्गापर्यंत गेलेलं असावं. ताठ उभं राहिलं की सगळं पांढरं. कमरेत वाकलं की खालचं लख्ख दिसायचं. राजाच्या वाड्यात वाकूनच जायचं असतं, म्हणून तशी व्यवस्था असेल, असं मी धर्मराजला म्हणालो. मग आम्ही दोघे जण वाकून, काहीतरी हरवल्यासारखे, राजवाडा बघत निघालो.

लाल खांब पाहिले, ते कमरेएवढे. दगडी पायऱ्या पाहिल्या. एका दगडी जनावराचे पंजे पाहिले. ते जनावर सिंह होतं की बैल, हे वरच्या धुक्यालाच ठाऊक. मोठ्या फरसबंद चौकात दोन ओळींनी बुटके दगड रोवलेले होते. तेवढ्यात पलीकडून खराट्याचा आवाज आला. खर्र, खर्र, आणि मग थोडी शांतता. आवाजाच्या मागोमाग पांढऱ्या कपड्यातला एक म्हातारा धुक्यातून बाहेर आला. आम्ही वाकलेले पाहून त्याला वाटलं, आम्ही त्याला नमस्कार करतोय. त्याने त्याहून खाली वाकून नमस्कार केला. मग आम्हाला आणखी वाकणं भाग पडलं. तो आणखी वाकला. हा प्रकार धर्मराजची टोपी फरशीवर पडेपर्यंत चालला.

म्हाताऱ्याने आम्हाला खुणांनी समजावलं, की त्या बुटक्या दगडांपाशी दरबाराच्या दिवशी ज्याने त्याने आपापल्या हुद्द्याप्रमाणे उभं राहायचं. पुढे प्रधान, मग सरदार. मी शेवटपर्यंत जाऊन आलो. कंपाउंडरचा दगड काही सापडला नाही.

मग त्याने आम्हाला मागच्या बागेत एका तळ्याकाठी नेऊन बसवलं आणि तो पुन्हा झाडायला गेला. तळ्याच्या पाण्यावर पिवळी पानं होती. झाड कुठेच दिसत नव्हतं. वरून, पांढऱ्यातून, एकेक पान उतरायचं, पंख्याच्या आकाराचं, आणि अजिबात आवाज न करता पाण्यावर बसायचं. मी किती वेळ तिथे बसलो कोण जाणे. मला वाटलं, तोफा, ट्रक, बाटल्या, सगळं त्या धुक्याच्या वरच्या बाजूला राहिलंय आणि खाली हे तळं तेवढं आहे. शेजारी माझी बायको मालिनी बसली असती तर तिने पदरात पानं गोळा केली असती.

शेवटी धर्मराजने विचारलं, "राजवाडा कुठंय म्हणायचा?"

"आपण आतच आहोत," मी म्हणालो.

ट्रकचा भोंगा वाजला आणि आम्ही बाहेर पडलो. त्या आठवड्याच्या पत्रात मी मालिनीला लिहिलं, की रविवारी इथल्या राजाचा वाडा पाहिला, मोठा आहे, थंडी फार, आणि आपलं छप्पर गळत असेल तर घरमालकांना सांगावं. जास्त लिहायची आम्हाला परवानगीही नव्हती आणि मला तशी हौसही नाही.

दोन वर्षांनी, चौपन्न सालच्या आरंभी, मी अंबरनाथला परत आलो. पूर्वेला आमची चाळ, समोर सामायिक नळ. काड्यापेट्यांच्या एका कारखान्याच्या दवाखान्यात मला नोकरीही मिळाली, कारण तिथल्या डॉक्टरांना परदेशचा अनुभव असलेला माणूस हवा होता. आता संध्याकाळी ओट्यावर बसावं, चार लोकांनी राजवाड्याची हकिकत विचारावी आणि आपण आढेवेढे घेत सांगावी, असा माझा बेत होता.

दुसऱ्याच दिवशी सकाळी नळावर शेजारच्या उमाकाकूंनी विचारलं, की राणीच्या महालातला झोपाळा शिसवी आहे की सागवानी.

मी म्हणालो, कसला झोपाळा?

उमाकाकूंनी माझ्याकडे अशी नजर टाकली, की मी हातातली बादली खाली ठेवली. मग त्यांनी मोरांबद्दल विचारलं. मग गच्चीवरच्या कारंज्याबद्दल. मी प्रत्येकाला नाही म्हणत गेलो. चिखलोलीहून दूध घालायला येणारी बकुळा मापं टाकता टाकता थांबली आणि तिने दगडी फरशीच्या गोठ्याबद्दल विचारलं, त्याला उतार काढलाय ना, शेण वाहून जायला. मी म्हणालो, राजाच्या वाड्यात गोठा मला दिसला नाही. बकुळाचा चेहरा एवढा पडला, की त्या दिवशी आम्हाला दूध थोडं पातळच आलं.

हळूहळू उलगडा झाला. मी नसताना चाळीतल्या बायका दुपारी मालिनीकडे तांदूळ निवडायला जमायच्या आणि मालिनी त्यांना राजवाड्यात घेऊन जायची! माझ्या एका ओळीवर तिने अख्खा वाडा उठवला होता. त्यात प्रत्येकीची खोली होती. उमाकाकूंच्या खोलीला दक्षिणेची खिडकी होती, कारण चाळीतल्या त्यांच्या खोलीला खिडकीच नव्हती. नळाला दिवसभर पाणी होतं. दोन वर्षं रोज जाऊन येऊन बायकांना तो वाडा तोंडपाठ झाला होता, आणि आता प्रत्यक्ष जाऊन आलेला माणूस म्हणत होता, झोपाळा नाही!

यातून चाळीने निष्कर्ष काढला तो एकच. गुप्ते कोरियाला गेलेच नाहीत. दुपारपर्यंत मी ती दोन वर्षं नाशिकजवळ देवळालीच्या छावणीत होतो. चहाच्या वेळेपर्यंत देवळालीला माझं दुसरं बिऱ्हाड निघालं. दिवे लागले तेव्हा त्या बिऱ्हाडात दोन मुलं होती आणि धाकट्याचं नाक थेट माझ्यासारखं होतं! चौथ्या दिवशी कारखान्याच्या डॉक्टरांनी मिक्श्चरची बाटली हातात घेत सहज विचारलं, की देवळालीची हवा कशी काय आहे. माझी नोकरी त्या हवेत लोंबकळते आहे, हे मला कळलं.

घरी मी मालिनीवर उखडलो. ती चपात्या लाटत होती. झोपाळा कशाला घातलास, असं मी विचारलं, तर म्हणाली, उमाकाकूंना हवा होता.

उमाकाकूंचे यजमान विष्णुपंत वाचनालयाचे चिटणीस होते. त्यांना माझी कीव आली. शाळेच्या पटांगणात एक व्याख्यान द्या, चार लोकांसमोर पहिल्यापासून सांगा, तोंडं आपोआप बंद होतील, असं ते म्हणाले. मी म्हणालो, एक तास काय, दोन तास बोलतो. शिवाय राजवाड्याचं मोठं चित्र काढून लावतो, म्हणजे शंकेला जागाच नको.

चित्रासाठी कापड आणायला मी कॅम्प नंबर तीनमध्ये लधारामकडे गेलो. लधाराम शिकारपूरहून आलेला सिंधी. बराकीच्या दारात फळी टाकून त्याने कापडाचं दुकान मांडलं होतं. शिकारपूरच्या घराबद्दल तो बोलायचा तेव्हा ते घर अजून तिथेच, त्याचीच वाट बघत असल्यासारखा बोलायचा. अपने घर में खिड़कियाँ बहुत हैं, साईं, असं. राजवाड्याचं नाव काढताच त्याने मांजरपाटाचा असा काही तागा उलगडला, की समोरचा रस्ता बंद झाला. आपण स्वतः येणार, माणसं घेऊन येणार, फक्त पुढे बसायला जागा ठेव, एवढंच त्याचं मागणं.

मी दोन संध्याकाळ खपून चित्र रंगवलं. बाटल्यांवरची लेबलं लिहून माझा हात चांगला बसला होता. पण खोटं काही काढायचं नाही, असं मी ठरवलं होतं. देवळालीवाल्यांना एवढीही फट सापडायला नको! तेव्हा मी खाली पायऱ्या काढल्या, बुटके दगड काढले, कमरेएवढे लाल खांब काढले, पंजे काढले, आणि वरचं सगळं कापड कोरं ठेवलं. मालिनी येऊन बघून गेली.

"वर काही काढणार नाही?"

"जे दिसलं तेवढंच काढणार."

"बरं," ती म्हणाली.

पाडव्यानंतरच्या रविवारी सकाळीच विष्णुपंतांनी ते कापड पटांगणात दोन आंब्यांच्या मध्ये ताणून बांधलं, आणि तिथेच घात झाला. रस्त्यावरून जाणाऱ्यांना पांढरा पडदा दिसला. पांढरा पडदा म्हणजे बायस्कोप! बकुळाने ही बातमी चिखलोलीला नेली, चिखलोलीने बदलापूरला पोचवली, आणि कॅम्पात लधारामने आधीच सगळ्यांना सांगून ठेवलं होतं. ऊन कलल्यावर मी कोट घालून पोचलो, तर पटांगणात बैलगाड्या सोडलेल्या! शिवरात्रीच्या जत्रेसारखी माणसं. लोकांनी भाकऱ्या बांधून आणल्या होत्या. शेंगदाणेवाला आला होता. कारखान्याचे डॉक्टर सहकुटुंब पहिल्या रांगेत होते आणि त्यांच्या शेजारी लधाराम, धुतलेल्या पांढऱ्या कपड्यांत, लग्नाला आल्यासारखा.

मी बोलायला लागलो. बोटीपासून सुरुवात केली. बोट सिंगापूरला पोचेपर्यंत मागून कुणीतरी विचारलं, चित्र कधी हलणार. विष्णुपंतांनी चित्र हलणार नाही असं जाहीर केलं. त्यावर मागच्या बाजूला मोठी चर्चा झाली. मग मी घाईघाईने राजवाड्यात शिरलो, आणि धुक्यात अडकलो. वरचं का दिसत नाही, असं जो तो विचारू लागला. धुकं होतं, असं मी सांगितलं. बदलापूरच्या एका गृहस्थांनी उभं राहून विचारलं, की धुकं जाईपर्यंत तुम्ही थांबला का नाहीत, एवढ्या लांब गेला होतात. हा प्रश्न मला आजवर सुचला नव्हता. ट्रक आला, असं मी म्हणालो. ते कुणालाच पटलं नाही. उमाकाकूंनी बायकांच्या बाजूने झोपाळा काढला. डॉक्टरांनी घड्याळ काढलं.

घाम पुसत मी लधारामकडे पाहिलं. तोच काय तो अजून मन लावून ऐकत होता. त्याने हात वर केला.

"साईं, राजा वापस आया?"

कॅम्पातली माणसं माना लांब करून माझ्याकडे बघू लागली. मला माहीत होतं ते मी सांगितलं. राज्य जपान्यांनी कधीच घेतलं होतं. घराण्यातली माणसं परदेशी होती. वाडा रिकामा होता.

"खाली," लधाराम म्हणाला आणि त्याने मान खाली घातली.

त्या क्षणी मला व्याख्यान, नोकरी, देवळाली, कशाचंच काही वाटेना. आपण या माणसाला धुतलेल्या कपड्यांत एवढ्या लांब बोलावलं आणि हे ऐकवलं, एवढंच वाटलं. आणि मग बायकांच्या बाजूने मालिनी उठली. तिने पदर खोचला, विष्णुपंतांच्या समोरून सरळ चालत आली आणि कापडापाशी उभी राहिली.

"राजा नाही आला," ती म्हणाली. "पण वाडा रोज झाडतात. यांनी झाडणारा माणूस पाहिलाय. कुणी यायचं नसेल तर रोज कोण झाडेल?"

म्हाताऱ्याचं मी तिला सांगितलं होतं, ते खरं. पण ते असं माझ्या लक्षात आलं नव्हतं.

लधारामने मान वर केली. मालिनीने त्या पांढऱ्या कापडावर बोट ठेवलं, माझे खांब संपत होते तिथून जरा वर, आणि ती बोलू लागली. हे खांब वर जातात, म्हणाली. वर हिरवी निळी नक्षी आहे. त्यावर छप्पर, आणि छपराची टोकं उचललेली, पाखरू उडायच्या आधी पंख उचलतं तशी. टोकाला लहान घंटा आहे. वारा आला की वाजते. ती बोट सरकवत होती आणि कोऱ्या मांजरपाटावर काहीच नव्हतं, तरी सगळं पटांगण तिच्या बोटाबरोबर मान फिरवत होतं. तिने दार उघडलं तेव्हा पुढच्या बायका जरा सरकून बसल्या, मागच्यांना आत यायला जागा व्हावी म्हणून. उमाकाकूंची खिडकी आली. बकुळाचा गोठा आला, उतारासकट. मग एक खूप खिडक्यांची खोली आली. ती आजवर कधी नव्हती. ती तिने तिथल्या तिथे बांधली. लधाराम डोळे मिटून बसला होता आणि त्याचे ओठ हलत होते. तो खिडक्या मोजत असावा.

मीही बघत होतो. दोन वर्षांपूर्वी मी तिथे वाकून फिरलो होतो. आता कुठे ताठ उभा राहिलो. तळ्याकाठचं ते झाड मला दिसलं, मुळापासून शेंड्यापर्यंत पिवळं. ऊन उतरलं, कापड आधी केशरी झालं आणि मग करडं, तरी कुणी उठेना. बैल हंबरले तेव्हा लोकांना गाड्या आठवल्या.

डॉक्टर जाताना माझा हात दाबून म्हणाले, की तुम्ही खरंच जाऊन आलात यात मला आता शंका नाही. दाखवलं सगळं मालिनीने, पण नोकरी माझी टिकली.

घरी जाताना मी मालिनीला विचारलं, हे सगळं तू का रचलंस.

"बायका विचारायच्या, यजमान कुठे असतात. लढाईवर म्हणायला माझी जीभ रेटायची नाही," ती म्हणाली. "राजवाड्यात आहेत म्हटलं, की मला झोप लागायची."

मी कापडाची गुंडाळी या खांद्यावरून त्या खांद्यावर घेतली.

त्यानंतर जे सुरू झालं ते आवरणं माझ्या हातात राहिलं नाही. बदलापूरची मंडळी पुढच्याच आठवड्यात आमंत्रण घेऊन आली. माझ्याकडे बघून त्यांनी नमस्कार केला आणि मालिनीताई आहेत का, असं विचारलं. ताईंना गाडीने नेऊ, गाडीने आणू, म्हणाले. बरोबर सोबतीला कुणी येणार असेल तर त्याच्याही जेवणाची सोय करू. तो कुणी म्हणजे मी. कापडाची गुंडाळी मांडीवर घेऊन मी बैलगाडीत मागच्या बाजूला बसलो.

बदलापूरला मला शेवटच्या रांगेत जागा मिळाली. शेजारी कोंडाजी नावाचे एक वयस्क शेतकरी होते. मालिनीने वाडा सगळा फिरवून आणला, या खेपेला गच्चीवरचे मोरही दाखवले, आणि ती खाली बसली. कोंडाजींनी तंबाखूची चंची माझ्यापुढे केली.

"पावनं," ते म्हणाले, "तुमी कवा बगितला का वो ह्यो वाडा?"

"हो," मी म्हणालो. "आत्ताच. तुमच्याबरोबरच."